फाळाला लागलेली सनद

भरती ओसरली म्हणजे समुद्रकाठची ओली वाळू उघडी पडते. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया ह्या देशांच्या किनाऱ्यांवर अशा वेळी एखादा मनुष्य एकटाच संथपणे चालताना दिसतो. त्याच्या हातात लांब दांडा असतो, दांड्याच्या टोकाला ताटलीएवढे चपटे कडे असते आणि कानांवर हेडफोन असतो. ते कडे वाळूलगत उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे फिरवीत तो पुढे सरकतो. मध्येच कानात बारीकसा आवाज होतो. तो थबकतो, गुडघे टेकतो, लहान फावड्याने वाळू उपसतो आणि बहुधा बाटलीचे एक गंजलेले झाकण हाती घेऊन उठतो! दिवसभर झाकणे, खिळे आणि पत्र्याचे तुकडे गोळा करावेत, तेव्हा एखादे नाणे मिळावयाचे. आणि कोणा पोहणाऱ्याच्या बोटातून निसटलेली अंगठी मिळाली, तर तो दिवस सोन्याचा. तरीही दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. धातूचा शोध घेत हिंडणे हा त्याचा छंद असतो.

ह्या यंत्राला धातुशोधक असे म्हणतात. त्याचे सारे मर्म त्या कड्यात आहे. कड्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्या वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला, की त्याच्याभोवती क्षणोक्षणी बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला, तर त्या तुकड्यातही पाण्यातील भोवऱ्यांसारखे सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात व ते आपले स्वतःचे दुबळे चुंबकीय क्षेत्र उभे करतात. यंत्र त्याची चाहूल टिपते आणि ती आवाजाच्या रूपाने आपल्या कानी घालते. धातू आहे, एवढेच ते खात्रीने सांगू शकते. तो धातू राजाच्या मुकुटातला की बैलाच्या नालेतला, हे ओळखणे माणसाचे काम.

१८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली गोळी डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असेच एक यंत्र घेऊन त्यांच्या बिछान्याशी गेले. परंतु गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांमुळे यंत्राचे संकेत चुकू लागले. गोळी सापडली नाही व अध्यक्षांचे प्राणही वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या कोसात्स्की ह्या सैनिक-अभियंत्याने जमिनीत पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी हातात धरून चालता येईल असा धातुशोधक तयार केला. १९४२ साली एल अलामेनच्या रणांगणावर त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशी झालेली यंत्रे सामान्य लोकांच्या हाती आली आणि मृत्यू हुडकणारे साधन हळूहळू करमणुकीचे साधन झाले.

वऱ्हाडाला समुद्र नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात विहिरींना खारे पाणी लागते, एवढेच काय ते समुद्राशी नाते! तेथील मुलांनी हे यंत्र पाहिलेच असेल, तर ते न्यायालयाच्या दारात किंवा मोठ्या जत्रेत पोलिसांच्या हाती. शिवाय वऱ्हाडची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली असल्यामुळे तिच्यात लोहयुक्त खनिजांचे कण असतात. ते यंत्राला चकवतात आणि धातू नसतानाही आवाज उठतो. परंतु ह्या भूमीत दुसरे एक साधन शतकानुशतके जमिनीचे पोट उघडीत आले आहे. ते साधन म्हणजे नांगराचा फाळ.

१८६८ च्या सुमारास एलिचपूरजवळच्या, म्हणजे आजच्या अचलपूरजवळच्या, चम्मक नावाच्या गावी एक शेत नांगरले जात असता फाळाला काहीतरी कठीण लागले. माती बाजूला सारल्यावर तांब्याचे पत्रे बाहेर आले. ते एकूण सात होते. त्यांवर ओळीने अक्षरे कोरलेली होती आणि त्या अक्षरांचे रूप मोठे विलक्षण होते: प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर जणू एक लहानशी चौकोनी पेटी ठेवलेली. गावात कोणाला ती वाचता येणे शक्यच नव्हते, कारण ती लिपी व्यवहारातून केव्हाच नाहीशी झाली होती.

सुदैवाने ते पत्रे तांबटाच्या भट्टीत गेले नाहीत. तांब्याचा भाव करून मोडीत घातले असते, तर त्यांतून घरचे दोन-चार गडवे सहज घडले असते. परंतु ते जाणत्यांच्या हाती पडले, वाचले गेले आणि १८८८ साली जॉन फ्लीट ह्या विद्वानाने त्यांचा पाठ आपल्या प्रसिद्ध ग्रंथात छापला. वाचन होताच कळले, की ही वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्याची सनद आहे. हा राजा इसवी सनाच्या पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करीत होता. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही पाटलिपुत्राच्या गुप्त सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची, कन्या. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, प्रवरसेनाने भोजकट प्रदेशातील मधुनदीकाठचे एक गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले. त्या गावाचे नाव चर्मांक.

चर्मांक आणि चम्मक! ज्या गावच्या शेतात ताम्रपट सापडला, त्याच गावाची ती सनद होती. चौदाशे वर्षे ती आपल्याच मातीत पडून राहिली होती. वरती राजवटी आल्या आणि गेल्या, भाषा पालटली, अक्षरे पालटली. गावाने आपले नाव मात्र थोडेसे झिजवून तसेच बाळगले.

राजाने दान दिले खरे, पण डोळे मिटून दिले नाही. हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे, परंतु दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, अशा अटी त्याने पत्र्यांवरच कोरविल्या. त्या मोडल्या तर राजाने गाव परत घेणे ही चोरी ठरणार नाही, हेही लिहून ठेवले. दानपत्रात इतका सावधपणा क्वचितच आढळतो.

समुद्रकाठी सापडलेली अंगठी आणि हे ताम्रपट ह्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. समुद्र आपली वाळू रोज ढवळतो. कालची अंगठी आणि शंभर वर्षांपूर्वीचे नाणे तेथे शेजारी शेजारी पडलेले असू शकते. म्हणून वाळूतून वस्तू उचलली, तरी तिच्या जागेवरून कळावयाचे असे फारसे काही बुडत नाही. गावाच्या मातीचे तसे नाही. आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी. पडलेल्या भिंती, चुलींची राख आणि शेणामातीची सारवणे एकावर एक साठून पांढरीचे थर बनतात. जुने थर खाली, नवे वर. वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर येथे १९६२ नंतर मोरेश्वर दीक्षित ह्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. अशा उत्खननात थर एकेक करून उकलतात आणि कोणत्या थरात काय सापडले ह्याची नोंद ठेवतात. धातूचा आवाज आला म्हणून कोणी अशा जागी खड्डा केला, तर वस्तू हाती येते, पण पुस्तकाची पाने फाडून एक चित्र तेवढे कापून घ्यावे तसे होते.

नुसत्या जागेलाच नव्हे, तर सोबतीलाही महत्त्व असते. १९३९ साली तऱ्हाळा ह्या गावी सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. हे गाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात मोडते. नाणी दीड हजारांहून अधिक होती आणि ती हलक्या मिश्र धातूची होती. सोनाराने त्यांकडे ढुंकूनही पाहिले नसते. नागपूरचे पंडित वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी ती एकेक करून वाचली. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही नावे माहितीची होती. पण काही नाण्यांवर कुंभ, कर्ण, शक अशी नावे निघाली. पुराणांतील सातवाहनांच्या यादीत ती नाहीत. कुंभ सातकर्णीचे एकटेच नाणे बाजारात आले असते, तर हा कोण आणि कोठला, असा तर्क करीत बसावे लागले असते. ओळखीच्या राजांच्या मेळ्यात ते एकाच साठ्यात मिळाले, म्हणून हे राजे त्याच घराण्याच्या अखेरच्या काळातले, असे ठरविता आले. साठा वाटून घेतला गेला असता, तर हे राजे इतिहासाला कदाचित अज्ञातच राहिले असते.

अशा धनासाठी आपल्या देशात १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती कोठे व केव्हा सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. त्या काळी दहा रुपये ही मोठी रक्कम होती. आज दहा रुपयांत काय येते ते मुलांना ठाऊकच आहे, म्हणजे बहुतेक सर्वच वस्तू कायद्यात आल्या. शंभर वर्षांच्या आत ते धन पुरणारा हक्कदार निघाला नाही, तर दुसरा काही करार नसल्यास तीन हिस्से शोधणाऱ्याला व एक हिस्सा जमीनमालकाला मिळावा, असे कायदा सांगतो. सरकारला वस्तू हवी असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. जो दडवून ठेवतो, त्याचा हिस्सा तर जातोच आणि वर शिक्षाही होते.

आषाढातल्या एखाद्या मुसळधार पावसानंतर पांढरीच्या उतारावर हिरवट पडलेले नाणे उघडे पडते. ते दिसताच घरी नेऊन चिंच व राख लावून लखलखीत करण्याचा मोह होतो. तसे केल्याने हिरव्या थराबरोबर पुसट अक्षरेही निघून जातात. नाणे तसेच कागदात गुंडाळावे, जागेची खूण लिहून ठेवावी आणि गुरुजींना दाखवावे. पुढची वाट ते सांगतात.

चम्मक आजही अचलपूर तालुक्यात आहे. मृगाच्या आधी तेथे शेते नांगरली जातात. पुष्कळ ठिकाणी आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आहे, आणि त्याच्या घरघरीत फाळाला तांबे लागले तरी त्याचा आवाज कानी पडणे कठीण.