मंडळीची शिस्त आणि मराठी ख्रिस्ती मन

‘मंडळीची शिस्त’ ही कल्पना मराठीत आली, त्यापूर्वीच तिच्या जागी एक जुना शब्दप्रयोग बसलेला होता : ‘वाळीत टाकणे’. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातील क्रम त्याहून निराळा आहे. अपराधी बंधूला प्रथम एकांतात समज द्यावी, मग एकदोन साक्षीदारांसमक्ष, आणि अखेरीस मंडळीपुढे. बंधू परत मिळावा, हा त्यातील हेतू. जातीच्या बहिष्काराने आधीच घर सुटलेल्या मराठी धर्मांतरितास मात्र दोन्ही प्रकार सारखेच भासले, तर नवल नाही. मंडळीनेही दूर केले, तर त्याला जाण्यास तिसरे ठिकाण नव्हते.

पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. 1883 मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डिन यांना वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणे हा श्रद्धेचाच भाग वाटे. उलट, पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सोडविलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या तशाच जोखडाखाली देण्यास रमाबाई तयार नव्हत्या. अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या आणि 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहात हा संघर्ष सविस्तर आढळतो. त्यावरून रमाबाईंना शिस्तच नको होती, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. केडगावच्या मुक्ति मिशनचा प्रपंच शिस्तीवाचून चालणारा नव्हता. त्यांचा आक्षेप आज्ञा करणाऱ्याच्या अधिकाराविषयी होता. आणि तो अधिकार, हे येथे विसरता येत नाही, राज्यकर्त्यांच्या वंशातील पुरुषांकडे होता.

नारायण वामन टिळकांनी प्रश्न आणखी पुढे नेला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी कल्पिला. शिस्त सभासदाला लागू होते; पण सभासद कोण, हेच जेथे रेषा आखून सांगितलेले नाही, तेथे दोषी बंधूला कोणी बोलवावे आणि कोठून दूर करावे? वारकरी परंपरेत वाढलेल्या मनाला हा प्रश्न फारसा अडत नसावा, कारण दिंडीचे नियम असतात, तरी पंढरीची वाट कोणाला बंद नसते. टिळक 1919 मध्ये निवर्तले आणि दरबाराची कसोटी लागली नाही.

अर्ध्या शतकानंतर हाच वाद बेंगळूरमध्ये निराळ्या भाषेत उभा राहिला. तेथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील काय बागो यांनी 1966 मध्ये, ख्रिस्ताचा अनुयायी होण्यासाठी आपला धर्मसमाज सोडणे आवश्यक आहे काय, असे विचारले. पुढे एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन यांच्यात चर्चच्या मर्यादेवर वाद झाला. दृश्य मंडळीवाचून ख्रिस्तनिष्ठा टिकेल काय, ही न्यूबिगिन यांची शंका पोकळ म्हणता येत नाही. ज्याची कोणाशी बांधिलकी नाही, त्याला एकांतात समज द्यायलाही कोणी जात नाही.