मोहोर आणि मुदत

चि. श्रीधर यास,

परवा तुझा मित्र येऊन गेला, आणि चहा घेता घेता, त्यात काही विशेष आहे असे न वाटून, सहज बोलून गेला की कोयनेच्या खोऱ्यात मांडावयाच्या भूकंपमापक नोडांतून श्रीधरने घड्याळे जुळवणाऱ्या निरोपांच्या विलंबाची तपासणी काढून टाकली, कारण तिच्यापायी फार निरोप रद्द होत होते आणि बॅटरीही लवकर उतरत होती. हे खरे असेल, तर मला तुझा राग आला आहे, हे प्रथमच नमूद करतो.

तू म्हणशील, प्रत्येक निरोपावर गुप्त किल्लीची मोहोर आहेच. अरे, मोहोर मजकुराला जामीन राहते, वेळेला नव्हे! खलिता अस्सल, लाख शाबूत, पण हरकाऱ्याने तो वाटेत दडवून ठेवलेला, अशी ही गत. शत्रूला किल्ली लागतच नाही. मूळ निरोप गोंगाटाने बुजवावा, टिपून ठेवावा आणि किंचित उशिराने जसाच्या तसा सोडावा, एवढे त्याला पुरते. सौरभ गनेरीवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावरचा उपाय मांडला: निरोपाच्या जाण्यायेण्याच्या चार नोंदींवरून घड्याळांतील फरक निघतो, तसा प्रवासाचा विलंबही निघतो, एका दिशेला घुसडलेल्या विलंबाची निम्मी चूक त्या फरकात उतरते, पण तेवढीच वाढ मोजलेल्या विलंबातही दिसते, आणि तो नेहमीच्या कमाल मर्यादेबाहेर गेला की ती जुळवणी नामंजूर करावयाची. तू नेमका हाच पहारा उठवलास.

इक्वादोरमधील रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर २००५ साली हार्वर्डच्या मंडळींनी १६ नोड मांडले, तेव्हा तेथे कोणी शत्रू नव्हता; तरीही वेळ जुळवणाऱ्या व्यवस्थेनेच काही चुकीच्या वेळा दिल्या आणि त्या मागाहून हिशेबाने दुरुस्त कराव्या लागल्या. मग दुष्ट बुद्धीचा मनुष्य मध्ये बसला तर? भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची चूक म्हणजे ६०० मीटरांची तफावत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची पहाट आजीने आपल्याला किती वेळा सांगितली, ते मी तुला सांगावयास नको.

खरे सांगू? मलाही तुझ्या वयात संशोधनच करावयाचे होते. आप्पांच्या आजारपणाचे निमित्त करून मी सरकारी नोकरीत शिरलो; निमित्त म्हणतो, कारण आप्पांनी स्वतः मला ‘जा’ म्हटले होते. तेव्हापासून दुसऱ्याच्या कामात नको तितका जीव घालण्याची खोड जडली आहे, आणि तुझी काकू ते रोज ऐकवते.

बॅटरीची अडचण मला कळत नाही असे समजू नकोस. दहा लाखांत चाळीस भाग चुकणारा स्फटिक दिवसाला साडेतीन सेकंद भरकटतो, म्हणून वारंवार जुळवणी करावी लागते. तेव्हा प्रत्येक घड्याळाची चाल ओळखून जुळवणी विरळ कर, मर्यादा फार आवळली गेली असेल तर त्याच रेडिओवर, शांत वेळी, विलंब मोजून ती नव्याने ठरव, पण उशिरा आलेल्या खऱ्या निरोपावर इतबार ठेवू नकोस.

रागाने लिहिले ते मनावर घेऊ नकोस. रात्र रात्र जागून तू वाळला आहेस, असेही तुझा मित्र म्हणाला, आणि खरे तर तेच ऐकून मी पत्र लिहावयास बसलो. जेवणाची आबाळ करू नकोस. दिवाळीला ये, मोजणीचे आकडे बरोबर आण. आपण दोघे ओसरीवर बसून पाहू.

तुझा,
अण्णाकाका