दूरच्या वाटेची मोटार

ज्या प्रदेशांत सडक नाहीं, पेट्रोलचा पंप नाहीं आणि विहिरीहि शेंकडों मैलांच्या अंतरावर आहेत, अशा प्रदेशांतून मोटार नेणें ही पदार्थविज्ञान व अंकगणित या दोन्ही विषयांची मोठी कसोटी होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस जीपसारख्या गाडीचें फार आकर्षण वाटतें. तिच्या टपावर लोखंडी जाळी, मागें पेट्रोलचे डबे व पुढें दोर गुंडाळण्याचें यंत्र असें सामान चढविलेलें दिसलें कीं, गाडी आतां कोठेंहि जाण्यास समर्थ झाली असा समज सहज होतो. या लेखांत आम्हीं असें दाखविण्याचें योजिलें आहे कीं, दूरच्या वाटेसाठीं गाडी सज्ज करणें म्हणजे तिजवर वस्तु वाढवीत जाणें नव्हे. प्रत्येक वस्तूचें वजन व उपयोग यांचा मेळ घालून काय ठेवावें व काय वगळावें हें ठरविणें होय.

१. चार चाकांची शक्ति

साध्या मोटारींत इंजिनाची शक्ति दोनच चाकांस मिळते; उरलेलीं दोन नुसतीं त्यांच्याबरोबर फिरतात. शक्ति मिळणारीं चाकें चिखलांत घसरूं लागलीं कीं गाडी थांबली. चाकाची पकड त्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. म्हणून चारहि चाकांस शक्ति दिली म्हणजे गाडीचा सगळा भार पकडीच्या कामीं येतो. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून अमेरिकेंत मोठ्या संख्येनें तयार झालेली जीप याच जातीची. पुढें १९४८ सालीं इंग्लंडांतील रोव्हर कंपनीनें लँड रोव्हर ही गाडी लोकांपुढें आणली. त्या वेळीं पोलादाची टंचाई असल्यामुळें तिचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें होतें. अशा गाडींत एक जादा गिअरपेटी असते. तिच्या योगानें वेग कमी करून चाकांचा जोर वाढवितां येतो.

परंतु येथें एक अडचण आहे. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर चालावें लागतें. म्हणून दोहोंच्या मध्यें डिफरन्शियल नांवाची दंतचक्रांची रचना असते. या रचनेमुळें एक चाक चिखलांत मोकळें फिरूं लागलें कीं, त्याच्या जोडीदारासहि तितकाच अल्प जोर मिळतो. यावर उपाय म्हणून कित्येक प्रवासी दोन्ही चाकें एकत्र जखडणारी कळ बसवितात. मात्र कठीण सडकेवर ती सोडावीच लागते; नाहीं तर वळतांना टायर झिजतात व आंस मोडण्याचें भय असतें. पहिला धडा येथेंच मिळतो: प्रत्येक सुधारणेला कांहीं किंमत असते.

२. वाळूंतून वाट

जीप निघण्यापूर्वींच या विद्येचे मुख्य धडे शिकले गेले होते. राल्फ बॅग्नोल्ड (१८९६–१९९०) हा इंग्रज लष्करी अधिकारी ईजिप्तमध्यें असतांना मित्रांसह फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटांत जाऊं लागला. १९२९ व १९३० सालीं त्यानें लिबियाच्या वाळवंटांतील विशाल वालुकासागरांत मोहिमा केल्या. त्या फोर्ड गाड्यांचीं फक्त मागचीं चाकें चालत. जोर वाढवितां येत नव्हता. म्हणून त्यानें ओझें कमी केलें. ज्या भागांवांचून गाडी चालूं शकते ते त्यानें काढून टाकले.

टायरांतील हवा त्यानें मुद्दाम कमी केली. कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो. टेकणारें क्षेत्र वाढतें आणि तेंच वजन अधिक वाळूवर वांटलें जातें. उंटाचा पसरट पाय याच नियमानें वाळूंत रुतत नाहीं. मात्र कठीण जमीन लागतांच पुन्हां हवा भरावी लागते. तसें न केल्यास टायर वारंवार दुमडून तापतो व फुटतो. म्हणून हवा सोडणाराच्या जवळ हवा भरण्याचा पंप असलाच पाहिजे. इतकें करूनहि गाडी रुतली तर चाकापुढें फावड्यानें वाळू उकरावी, लोखंडी पन्हळी किंवा दोर व कापडाच्या लांब चटया घालाव्या व गाडी त्यांवरून बाहेर काढावी, ही रीति बॅग्नोल्डनें रूढ केली. आजहि वाळवंटांतील प्रवासी याच जातीचें साधन गाडीला बांधून नेतात.

३. पाणी वांचविण्याची युक्ति

मृदु वाळूंत इंजिन फार तापतें. रेडिएटरमधील पाणी उकळून त्याची वाफ नळीवाटे हवेंत जाते; मग तें पाणी भरावयाचें कोठून? प्रवाशांच्या पिण्याच्या पाण्यांतूनच. म्हणजे गाडी आणि मनुष्य एकाच घोटासाठीं भांडूं लागतात. बॅग्नोल्डनें रेडिएटर चांगला बंद करून त्याची नळी अर्धवट पाण्यानें भरलेल्या एका डब्यांत बुडविली. इंजिन तापलें कीं वाफ त्या डब्यांत जाऊन तिचें पाणी होई. डब्यांतील पाणीहि उकळूं लागलें कीं गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करीत. रेडिएटर निवतांच आंत उरलेल्या वाफेचें पाणी होऊन तेथें निर्वात स्थिति उत्पन्न होई, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानें डब्यांतील पाणी नळींतून परत वर चढे. नळीचा एक तुकडा आणि एक डबा, एवढेंच हें यंत्र. परंतु त्यानें पाण्याचा नाश थांबविला. आमच्या प्रयोगशाळेंत चंबूंतील वाफ निववून जो प्रयोग दाखवितात, तोच हा.

१९४० सालीं बॅग्नोल्डनें ईजिप्तमध्यें वाळवंटांत दूरवर जाणारी सैन्याची एक तुकडी उभारली, तेव्हां तिच्या शेव्हर्ले ट्रकांवरहि हीच रचना बसविली. दारें व पुढील कांचा काढल्या आणि कमानपाटे बळकट केले.

४. ओझ्याचा हिशेब

आतां, विद्यार्थिमित्रहो, पाटी घ्या. तीन प्रवासी, आठ दिवसांची वाट व १२०० किलोमीटरांचें अंतर धरूं. मृदु जमिनीवर गाडी एका लिटरांत ५ किलोमीटर जाते असें समजा. पेट्रोल २४० लिटर लागेल. वाट चुकण्याच्या भयास्तव चौथाई अधिक धरून ३०० लिटर. त्यांपैकीं ६० लिटर गाडीच्या टाकींत राहिले, तर उरलेल्या २४० लिटरांस २० लिटरांचे १२ डबे हवेत. एक लिटर पेट्रोल सुमारें पाऊण किलो भरतें. म्हणजे १८० किलो. रिकामा लोखंडी डबा सुमारें ४ किलोचा. त्यांचे ४८ किलो. पाणी दर माणशीं रोज ६ लिटर धरलें तर १४४ लिटर. संकटासाठीं निम्में अधिक धरून २१६ लिटर, आणि तितकेच किलो. तीन माणसें प्रत्येकीं ७० किलोंचीं, म्हणजे २१० किलो. एकूण बेरीज ६५४ किलो.

गाडीनें ६५० किलोच ओझें वाहावें अशी कारखानदाराची मर्यादा आहे असें समजा. अन्न, हत्यारें, अंथरूण, दोन जादा चाकें यांपैकीं कांहींहि अद्याप चढलेलें नाहीं, तोंच मर्यादा संपली! येथें कोणी म्हणेल, कमानपाटे बळकट करा. परंतु पाटे वांकले नाहींत तर धक्का पुढें सांगाड्यास पोंचतो व सांगाडा तडकतो. दुसरा म्हणेल, टपावर चढवा. आमच्या गांवचा गाडीवानहि जाणतो कीं, बैलगाडींत ओझें मागें गेलें तर गाडी उलाळ होते. तसेंच मोटारींत ओझें उंच गेलें तर गुरुत्वमध्य वर सरकतो व उतरणीवर गाडी कलंडते. जड वस्तु तळाशीं व दोन आंसांच्या मध्यें ठेवावी, हाच नियम.

मग उपाय काय? पाणी कमी करितां येत नाहीं. म्हणून शोभेच्या वस्तु सोडाव्या, आणि शक्य तर दोन गाड्यांनीं जावें. सामान दोहोंवर वांटलें जातें. एक रुतली तर दुसरी ओढते. एक मोडली तर माणसें दुसरींत परततात. दोन्ही एकाच बनावटीच्या असल्या म्हणजे सुटे भागहि एकाचे दुसरीस लागतात. ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतील सहा तरुण १ सप्टेंबर १९५५ रोजीं लंडनहून निघाले ते अशाच दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन. आसामांतील लेडोहून ब्रह्मदेशांत जाणाऱ्या युद्धकालीन रस्त्यानें, ज्याची पुढें निगा राहिली नव्हती, ते ६ मार्च १९५६ रोजीं सिंगापुरास पोंचले.

लूककृत शुभवर्तमानांत बुरूज बांधूं निघालेल्या माणसाचा दाखला आमच्या मुलांस ठाऊक आहे. खर्च न मोजतां कामास हात घालणाराचें लोक हसें करितात. वाळवंटांत मात्र हसावयासहि कोणी नसतें. पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलगा वा मुलगी एखादें यंत्र मागूं लागल्यास, तें काय काम करील, किती खाईल व मोडल्यास कोण दुरुस्त करील, याचा लेखी हिशेब आधीं मागावा.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) वरील हिशेबांत दुसरी तशीच गाडी व तिचा एक चालक मिळविला, तर अन्न व हत्यारें यांसाठीं दोहोंत मिळून किती किलो उरतील?

(२) डब्यांतील नळीचें टोंक पाण्याबाहेर राहिलें तर पाणी परत कां चढणार नाहीं?

(३) वाटेवर पेट्रोल संपत जाईल तसतसा टायरांतील हवेचा दाब बदलावा काय? कारण द्या.