मिळवता हात एक, खाणारी तोंडे सहा



आठवड्याचा बाजार करून परतताना पिशवी भरलेली असते आणि खिसा रिकामा झालेला असतो. घरात तीन-चार लेकरे, मिळवणारा एकटा. "पैसा येतो कुठून ते ठाऊक आहे, जातो कुठं तेच कळत नाही," असे अनेक घरांत ऐकायला मिळते. कुठे जातो, ते आपण आज कागदावर मांडून पाहू. काटकसर करा असे सांगण्यासाठी हे पत्रक नाही. आपल्या मायबहिणी भाकरीच्या पिठातसुद्धा काटकसर करीत आल्या आहेत, त्यांना ती काय शिकवावी?

एका घराचा हिशेब

समजा, घरधनी गवंडीकाम करतो. दिवसाला ६०० रुपये मिळतात. आठवड्यात पाच दिवस काम लागले तर बाजारच्या दिवशी हातात ३,००० रुपये पडतात. थोरली मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, धाकटी दुसरीत, आणि शेवटचे लेकरू दोन वर्षांचे. त्यामुळे त्यांची आई अजून घरीच आहे.

आता खर्च पाहा. डाळ, तेल, साखर, चहापत्ती असा किराणा १,१०० रुपये. भाजी, अंडी, कधी मटण मिळून ४५०. दूध ३००. गॅस, वीज आणि मोबाईलचा आठवड्याचा वाटा ३००. पेट्रोल व एस.टी. ३००. किरकोळ औषधपाणी १००. घरधन्याचा हॉटेलातला चहा आणि तंबाखूची पुडी दिवसाला ३०, म्हणजे आठवड्याला २१०. बेरीज झाली २,७६०. उरले २४०.

म्हणजे तंगी असली तरी घर चालते आहे. मग कर्ज होते कशाने?

ते होते जून महिन्यात! पाऊस सुरू झाला की बांधकामे थांबतात. पाच दिवसांचे काम दोन दिवसांवर येते. आणि त्याच महिन्यात शाळा उघडतात. तीन मुलांच्या वह्या, दप्तर, चपला, छत्री मिळून माणशी हजार धरले तरी ३,००० झाले. छपरावर टाकायला मेणकापड ७००. पावसाळ्यासाठी डाळ-मिरचीची थोडी बेगमी ८००. एकूण ४,५०० रुपये, आणि तेही मिळकत निम्म्याखाली आली असताना. शेतमजुरांच्या घरी हाच पेच उन्हाळ्यात येतो, कोरडवाहू शेतकऱ्याला तो पेरणीला येतो. पेच सारखाच. मिळकत एका ऋतूत आणि खर्च दुसऱ्या ऋतूत.

मग गावातल्या कुणाकडून तरी शेकडा पाच रुपयांनी पैसे उचलले जातात. "शेकडा पाच" ऐकायला लहान वाटते. पण ते महिन्याचे असते. शंभराला वर्षाचे साठ रुपये झाले. ४,५०० रुपयांवर महिन्याला २२५ रुपये व्याज. जूनमध्ये उचललेले पैसे दिवाळीनंतर, पाच महिन्यांनी फेडले तरी व्याजाचेच १,१२५ रुपये जातात. एका लेकराच्या वह्या-दप्तराला हजार लागले होते. त्याहून जास्त रक्कम व्याजात गेली. या घरात खरी गळती आहे ती इथे.

जूनचा डबा

यावर उपाय असा. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत साधारण ३० आठवडे कामाचे असतात. दर बाजाराला १५० रुपये बाजूला काढले तर ३० आठवड्यांत बरोबर ४,५०० होतात. वरच्या हिशेबात २४० उरत होते. त्यातून १५० काढले तरी ९० रुपये अडीनडीला राहतात.

पण हे पैसे किराणा घेण्याआधी काढावेत. बाजार करून उरतील ते टाकू म्हणाल तर काहीच उरणार नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. डबा घरात ठेवला की त्याच्याकडे हात जातोच. म्हणून महिन्याचे ६०० रुपये बँकेत किंवा पोस्टात टाकावेत. खाते कारभारणीच्या नावाचे किंवा दोघांचे मिळून असावे. जनधन खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. एखाद्या आठवड्यात काम लागले नाही आणि काही टाकता आले नाही, तर पुढच्या आठवड्यात दुप्पट टाकण्याचा हट्ट करू नये. जमेल तेवढे टाकावे, पण मोडू नये.

चहा-तंबाखूच्या २१० रुपयांविषयी मी सभेत फार बोलत नाही. दिवसभर विटा-सिमेंट उचलणारा माणूस चार घोट चहा पिणारच. तंबाखूचे मात्र तसे नाही. तिने आज पैसा जातो आणि पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका आहे. मिळवणारा एकटाच असलेल्या घरात हे ओझे कुणी उचलायचे? दिवसाचे ३० रुपये म्हणजे वर्षाचे १०,९५० होतात. आकडा सांगितला, पुढचे घरधन्याने ठरवावे.

दोघांनी मिळून बसावे

पुष्कळ घरांत घरधनी पैसे देतो आणि कारभारीण खर्च करते. त्याला भाव ठाऊक नसतात. तिला त्याची उधारी ठाऊक नसते. सभेत बायका गप्प बसतात आणि सभा संपली की दाराशी थांबून सांगतात, "ताई, ह्यांनी किती काढलेत तेच मला ठावं नाही." ही चोरी कुणाच्याच कामाची नाही. बाजाराच्या आदल्या रात्री पोरे झोपल्यावर पाव तास दोघांनी बसावे. जुन्या वहीचे एक पान पुरे. एका बाजूला आलेले, दुसऱ्या बाजूला गेलेले, खाली देणे किती. लिहिता येत नसेल तर थोरल्या मुलीला लिहायला बसवा. आठवीतल्या पोरीला हिशेब येतो, आणि तिलाही घर कळते.

एक मात्र सांभाळावे. हिशेब जुळला नाही म्हणून "तुमच्यामुळं ही पाळी आली" असे लेकरांना कधी म्हणू नये. ती आपण जन्माला घातली. त्यांनी अर्ज केला नव्हता.

ज्याला पैसे लागत नाहीत त्याला पैसे देऊ नका

अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी घरी न्यायचा आहार मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच शिजवलेले खाणे मिळते. लस उपकेंद्रात मोफत टोचतात. जुलाब झाले तर क्षारसंजीवनीची पुडी आशाताईंकडे मिळते. बाळाला वेळेवर ती पाजली तर सलाईनचा खर्च बहुतेक वेळा वाचतो. तरीही लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. तिथे पैशाचा विचार करू नये. १०८ ची गाडी बोलावली तर तिचे भाडे नसते. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर शेत गहाण टाकण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयांत ठरवून दिलेल्या आजारांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात.

रेशनचे पाहा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर १ जानेवारी २०२३ पासून माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत आहे. कार्डावर सहा नावे असतील तर ३० किलो. पण शेवटच्या लेकराचे नाव चढवायचे पुष्कळांचे राहून जाते. एका नावामागे वर्षाचे ६० किलो धान्य आहे. जन्मदाखला घेऊन तहसील कचेरीत अर्ज करा.

शाळेचे काय? जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीपर्यंत फी नाही, पुस्तके मोफत, दुपारचे जेवणही मिळते. अलीकडे असे दिसते की मुलाला गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतात आणि दोन्ही पोरी गावच्या शाळेत राहतात. मग त्याची फी आणि गाडीभाडे भरताना ओढ बसली की थोरलीला घरी बसवतात. "धाकट्याला सांभाळील," म्हणतात. हा हिशेब मला पटत नाही. खासगी शाळेत घालायचेच असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दुर्बल घटकांसाठी सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा असतात, त्यासाठी वेळेत अर्ज करावा. पण एकाच्या फीसाठी दुसरीची शाळा तोडू नये. आठवीत काढलेली पोर पुन्हा शाळेत जात नाही, तिचे लग्न लवकर होते, आणि अठराच्या आत लग्न लावणे तर गुन्हा आहे. पुढच्या शिक्षणाचीही वाट आता पूर्वीइतकी अवघड नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. शाळेतल्या गुरुजींना विचारा.

कर्ज काढावेच लागले तर

आजारपण, पेरणी, मयत. कर्ज टळत नाही अशा वेळा येतात. तेव्हा आधी बचत गटाकडे जावे. बहुतेक गटांत व्याज शेकडा एक किंवा दोन असते आणि ते व्याज गटातच, म्हणजे आपल्याच बायांत राहते. दुसरे म्हणजे, परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर अंगठा मागणाऱ्याकडे जाऊच नये. दारात येऊन आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या फायनान्सचे कर्ज घेतले असेल तर एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचे काढू नये. तिथून पुढे सुटका कठीण होते. आणि लग्न-जावळासाठी, लोक काय म्हणतील म्हणून काढलेले कर्ज? लोक जेवून जातात. हप्ता आपण भरतो.

मिळवता हात आडवा झाला तर

या गोष्टीचा विचार करायला कुणाला आवडत नाही. पण परातीवरून पाय घसरायला एक क्षण लागतो आणि खाली सहा तोंडे आहेत. बँकेत वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेता येतो. १८ ते ७० वयाच्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात. वर्षाला ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा आहे. तो १८ ते ५० वयात घेता येतो आणि मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख मिळतात. दोन्ही मिळून ४५६ रुपये होतात. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढे पैसे शिल्लक ठेवावेत. घरी कारभारणीला पासबुक कुठे आहे आणि वारस म्हणून कुणाचे नाव दिले आहे, हे माहीत असावे. अनेक ठिकाणी विमा होता, पण घरच्यांना पत्ताच नव्हता.

गवंडी, बिगारी, सुतार, रंगारी यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंद असली की पहिल्या दोन मुलांच्या शिक्षणाला दरवर्षी मदत मिळते. आपल्या हिशेबातल्या थोरलीला आणि मुलाला ती लागू होईल.

पुढचा पाळणा

वरच्या हिशेबात आईची मिळकत शून्य धरली, कारण लेकरू अंगावर आहे. ते तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत बसू लागले की ती निदान अर्धा दिवस तरी मोकळी होते. शेळ्या, शिलाई, शेतातली भांगलण, काहीही धरले तरी घरात दुसरा मिळवता हात येतो. त्याआधीच दिवस राहिले तर ही वेळ आणखी तीन-चार वर्षे पुढे जाते, आणि तिच्या अंगातले रक्त कमी होते ते वेगळेच.

मूल हवे की नको, केव्हा हवे, हे नवरा-बायकोने ठरवायचे. त्यात जबरदस्ती कुणाचीच नाही. थांबायचे असेल तर साधने सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निरोध आहे. आठवड्याला घ्यायची 'छाया' गोळी आहे, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यावी लागते. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आहे. पाच किंवा दहा वर्षे चालणारी तांबी आहे, ती बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. कुणाला काय सोसेल ते तपासून सांगतात.

मुले पुरे झाली असतील तर पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. "ताकद जाईल, ओझं उचलवणार नाही," ही भीती खोटी आहे. दोन दिवसांनी हलके काम आणि साधारण आठवड्याने जड काम करता येते. शक्तीत किंवा संसारसुखात काही कमी होत नाही. एवढेच, की पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि मग तपासणी करून घ्यावी. बुडालेल्या मजुरीबद्दल सरकार ठराविक रक्कम देते. काम कमी असलेले पावसाळ्याचे दिवस यासाठी सोयीचे पडतात.

चौकशीसाठी आशाताई, उपकेंद्रातल्या नर्सबाई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात भेटा. दोघांनी मिळून आलात तर उत्तम. एकटीने आलात तरी तुमचे बोलणे दुसऱ्याला सांगितले जाणार नाही.