उरलेल्या चंदेरीचं पाकीट

लष्करातल्या आमच्या घरी शिवणातून उरलेल्या कापडाला कोणी चिंध्या म्हणत नाही. हिंदीतली 'कतरन'च आमच्या मराठीत रुळलीय. त्यात आजीच्या जुन्या चंदेरी साडीचे तुकडे होते. त्यातल्या एकाचं पाकीट शिवायचं ठरवलं. पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब, म्हणून कापडही बरोबर १५ सेंटीमीटर रुंद कापलं. शिवून झालं, पण नोट आत जाईना! आजी एवढंच म्हणाली, "अगं, शिवण कापड खाते."

दुसऱ्यांदा चंदेरीचा तुकडा १९ × २६ सेंटीमीटर घेतला आणि जुन्या सुती परकराचं अस्तर त्याच मापाचं. (चंदेरी झिरझिरीत, कडेचे धागे सुटतात, अस्तर हवंच.) दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. चहूबाजूंनी १ सेंटीमीटर आतून टीप मारा, पण एका आखूड बाजूला ७ सेंटीमीटर उघडं सोडा. कोपरे तिरके छाटा, त्या फटीतून सगळं उलटवा, अस्तराकडून हलकी इस्त्री फिरवा, फट हाताने शिवून टाका. आता माप उरलं १७ × २४. अस्तर आत राहील अशी तीच बाजू ९ सेंटीमीटर वर दुमडा आणि दोन्ही कडा काठालगत शिवा. मशीन नसेल तर उलटी टीप घाला. नुसता धावदोरा नाण्यांच्या वजनाने ढिला पडतो. वरचे ६ सेंटीमीटर म्हणजे झाकण, त्याला टिचबटण.

पहिलं पाकीटही टाकलं नाही. दहाची नवी नोट १२.३ सेंटीमीटरची, ती त्यात जेमतेम मावते. आजी टेम्पोचे सुटे पैसे त्यातच ठेवते.