टाका सर्वांचा, तक्ता कुणाचा?

प्रश्न : मणीकाम करणाऱ्या आमच्या गटात एकीने मोराच्या नक्षीचा तक्ता सगळ्यांना दिला. त्यावरून कानातली करून मी विकली, तर ती रागावली. टाके तर सगळेच वापरतात. माझं काय चुकलं?

उत्तर : टाक्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. पेयोटी विणीत प्रत्येक मणी आधीच्या ओळीतल्या दोन मण्यांमधल्या खाचेत बसतो, विटांच्या बांधकामासारखा. ही वीण प्राचीन इजिप्तमध्ये होती, अमेरिकेतल्या आदिवासींकडेही आहे. सौराष्ट्रातल्या मोतीभरताची तोरणं किंवा आपल्या रुखवतातले मण्यांचे पडदे घ्या. त्यांच्या पद्धतीवर कुणाचीच मालकी नाही. मोर हा विषयही सगळ्यांचाच. पण मानेच्या वळणावर निळ्यानंतर हिरवा मणी कितव्या घरात येतो, हे त्या बाईंनी उसवून-उसवून ठरवलं असणार. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला नाही, तिच्या मांडणीला संरक्षण देतो आणि तक्ता म्हणजे मांडणीच.

‘मणी माझे, डोळे माझे फुटले,’ असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे, पण त्या मेहनतीने दागिना तुमचा झाला, रेखाटन नाही. तक्ता गटात वाटला म्हणजे सोडून दिला, असंही नव्हे. शिकायला देणं वेगळं, विकायला देणं वेगळं. स्वतःसाठी करून पाहायला कायदाही बरीच मोकळीक देतो. आणि हो, नुसते रंग बदलून तक्ता नवा होत नाही, ही पळवाट फार लोकप्रिय आहे! त्या बाईंना सरळ विचारा. पुष्कळ जणी नाव लिहिण्याच्या अटीवर हो म्हणतात.