रिकामी टाकी जास्त घातक

जुन्या मोटरसायकलची टाकी गळायला लागली की जो तो भोक कसं बुजवायचं ते सांगतो. त्याआधी काळजी घ्यायची ती टाकीत उरलेल्या वाफेची. पेट्रोल काढून घेतलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. हे मी समोर घडताना पाहिलं आहे, म्हणूनच लिहितो आहे.

गाडी वडिलांची, येझदी रोडकिंग. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे या गाडीची चांगली टाकी सहजासहजी मिळत नाही. पावसाळा सरल्यावर टाकीच्या तळाशी, पत्र्याच्या जोडापाशी रंग फुगलेला दिसला. या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. गळलेलं पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं. त्यामुळे थेंब कुठेच दिसत नव्हता, धूळ बसून काळपट झालेला चिकट ओघळ तेवढा होता. नखाने रंग खरवडला, तर खाली गंजाचा तपकिरी भुगा आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढं ओलसर छिद्र.

एका वेल्डिंगच्या दुकानात टाकी दिली. कारागिराने ती पाण्याने खळबळली, झाकण आणि पेट्रोल कॉक काढून ठेवले आणि गॅसची ज्योत लावली. क्षणात ‘भप्प’ असा आवाज होऊन टाकीच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर आला. त्याच्या हातावरचे केस जळाले, टाकीचा तळ बाहेर फुगला. दोन्ही तोंडं उघडी होती म्हणून टाकी फुटली नाही.

असं का होतं, ते समजून घ्या. जळते ती पेट्रोलची वाफ, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला जळायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत मात्र नेमकं हवं ते मिश्रण तयार होतं. नुसत्या पाण्याने ऑइलचा थर निघत नाही. गंजाच्या पापुद्र्यांत आणि जोडाच्या फटीत मुरलेलं पेट्रोल ज्योतीच्या उष्णतेने पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं. म्हणून वास गेला एवढ्यावर भरवसा ठेवू नका, आणि आज धुतलेल्या टाकीला उद्या न धुता ज्योत लावू देऊ नका.

पेट्रोल काढायचं ते उघड्यावर, दिवसाउजेडी, बॅटरीची वायर सोडवून आणि धातूच्या डब्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि साचते. आपल्याकडे इमारतीच्या पार्किंगमध्येच विजेचे मीटर असतात. गळकी गाडी तिथे रात्रभर उभी करू नका. वाटेत गळती लागली तर छिद्रावर अंगाचा साबण घासून घरापर्यंत या, पण हा उपाय तेवढ्यापुरताच. बाहेरून लावलेली पुट्टीही तशीच. आतला गंज पुढे चालूच राहतो.

वेल्डर निवडताना एकच प्रश्न विचारा, “टाकीत पाणी भरून काम करणार ना?” आमची टाकी शेवटी अशाच एका जुन्या कारागिराने नीट केली. आधी गरम पाणी आणि धुण्याची पावडर घालून, ऑइलचा तवंग येईनासा होईपर्यंत धुतली. मग झाकण रबर लावून घट्ट बसवलं, टाकी उलटी केली आणि कॉकच्या भोकातून पाणी भरलं. छिद्राखाली बोटभर जागा तेवढी सोडली, कारण पाणी पत्र्याला टेकलं तर पत्रा तापत नाही. कॉकचं भोक वाफ जाण्यासाठी उघडंच ठेवलं. मग पितळेने झाळलं. पेट्रोलच्या वाफेला जागाच फारशी उरली नाही, तर पेट घ्यायला फारसं काही राहत नाही.

भोक बुजलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. टाकी आतून सडते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पाणी तळाशी बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. गंज काढायला सायट्रिक ॲसिडचं पाणी पुरतं. ते टाकीत मुरू द्यावं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावं आणि लगेच वाळवावं, नाहीतर उघडा पडलेला पत्रा पुन्हा लाल होतो. काही ठिकाणी संडास धुण्याचं ॲसिड ओततात, ते टाळा. ते गंजाबरोबर पातळ पत्राही खातं. आतून लेप लावायचा तर इथेनॉलला टिकणाराच घ्या. ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर लावलेला लेप सुटतो आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरमध्ये अडकतात.

एकच छिद्र असेल तर दुरुस्ती करा. तळ अंगठ्याने दाबल्यावर लवत असेल किंवा छिद्रं ओळीने असतील, तर टाकी बदला. दुरुस्त टाकी बसवण्याआधी थोडं पेट्रोल घालून बाहेर, कागदावर ठेवा आणि सकाळी कागद तपासा. त्यावर एक जरी डाग दिसला, तरी ती टाकी गाडीवर चढवू नका. तिच्याखाली तापलेलं इंजिन असतं आणि वर आपण बसलेलो असतो.